चंदाची गुडाखूची डबी

मी बोलतेय. मुठीत मावेन एवढी पत्र्याची डबी. पोटात गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा. डबीनं काय सांगावं, असं मलाही वाटतं. पण माझ्यामुळं काय घडलं, ते या घरात दुसरं कुणी बोलतच नाही.

लाखनीच्या बाजारातून मला चंदानं आणलं. तिची शेजारीण खुशबू. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. सकाळी परसात बसून माझ्यात बोट बुडवायच्या, गुडाखू दातांना घासायच्या आणि त्यासोबत सासरच्या साऱ्या तक्रारी थुंकून टाकायच्या. धानाच्या रोवण्यात चिखलात वाकून पाठ मोडली, की चंदा मला कमरेतून काढायची. रिकामी झाले, की पुन्हा भरायची.

मग तिच्या गालात आतून फोड आला.

"तिखट सोसत नाही वं. ठणकून राहिलं."

"दाढ असंन. जरा जास्तच लावत जाय, बधिर होते," खुशबू म्हणाली. "तुही सासू समदे दात पाडून बसली, तरी लावून राहिली. तिले काई झालं?"

दोघी हसल्या. चंदानं मलाच औषध मानलं. फोडावर माझाच लेप.

तोंडात दोन बोटं जाईनात, तेव्हा तिला नागपूरला नेलं. परत आली ती अर्धा जबडा गमावून. खुशबू भेटायला गेली, तेव्हा मी उशाशीच होते. चंदानं मला उचललं आणि अंगणात भिरकावलं. बोलता येत नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. दिवाळीआधी ती गेली.

अंगणातून मला खुशबूनं उचललं. धुतलं, डोळ्यांना लावलं. आठवण म्हणून. आणि मग, काय सांगू, भरलं. आता सकाळी एकटीच परसात बसते, शेजारी एक जागा सोडून. "चंदे, तुह्याबिगर गोड नाही लागत वं," म्हणते, आणि लावते.

हीच खुशबू लेकीला पाणी उकळून पाजते. पोर शिंकली तरी लाखनीचा दवाखाना गाठते. स्वतःच्या गालात पांढरा चट्टा दिसतो, तेव्हा मात्र आरसा पालथा घालते. "चहा गरम होता," असं सांगते. कुणाला? मला!

काल तिच्या दोन वर्षांच्या पोरीनं मला उघडलं. आईसारखीच मांडी घालून बसली, बोट बुडवलं, हिरड्यांवर फिरवलं. खुशबू धावली. पोरीचं तोंड पदरानं पुसलं, चूळ भरवली, एक धपाटा घातला आणि स्वतःच मोठ्यानं रडली.

"मायचं पाहून नोको शिकू वं, बाई!"

मला वाटलं, आता तरी फेकेल. मी तयार होते. उकिरडा, तलाव, कुठंही.

तिनं झाकण घट्ट लावलं आणि मला वरच्या फळीवर ठेवलं.

खुशबू, आज सकाळीही टाचा उंचावून तू मला काढलंस. मला हात असते तर जोडले असते गं. फेक मला. तो चट्टा दाखव कुणाला तरी. तू मला काढत होतीस, तेव्हा पोर खाली उभी होती. फळी किती उंच आहे, ते बघत होती.