लाल चौकट आणि गेनबांचा आवाज

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या एका घरात, टेबलाखाली एक काळा डबा आहे. तो मी. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वर टेबलावर जो पडदा असतो, त्यालाच लोक संगणक समजतात. त्याच्याकडे बघतात, त्यालाच पुसतात. माझ्याकडे पाय लागला तरच लक्ष जातं. पण घरातलं जे काही साठवून ठेवलेलं असतं, ते सगळं माझ्या पोटात असतं.

मला चिंचवडच्या एका दुकानात जोडलं. उत्कर्षाला आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमाला प्रवेश मिळाला, तेव्हा तिचे वडील गेनबा मला स्कूटरवरून घरी घेऊन आले. मागे रतनबाई, म्हणजे उत्कर्षाची आई, मला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. गेनबा एका कारखान्यात प्रेस मशिनवर काम करायचे. रतनबाई भोसरीच्या एका छोट्या कंपनीत वायरी जोडायच्या लायनीवर बसायच्या. दोघंही मूळचे चाकणकडच्या गावचे. मला दारातून आत घेताना रतनबाईंनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दुकानात मी वस्तू होतो. इथे माझी दृष्ट काढली गेली.

ती वर्षं फार चांगली गेली. उत्कर्षा माझ्यावर यंत्रांची चित्रं काढायची. गेनबा शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि म्हणायचे, "ह्यो नट उलटा काढलास बघ." ती चिडायची. रतनबाई स्वयंपाकघरातून दोघांना एकदमच ओरडायच्या.

गेनबांना एक वेड होतं. सुट्टीच्या दिवशी ते गावोगावच्या जत्रांमध्ये बैलगाडा शर्यतीचे निवेदक म्हणून जायचे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की कोणाचा गाडा, बैल कोणते, घोडी पुढे कशी पळते आहे, हे सगळं ते एका दमात सांगत. मधे काही वर्षं शर्यती बंद होत्या. घशाची सवय मोडू नये म्हणून ते तेव्हा घरातच उभे राहून सराव करायचे. घरात बैल नाहीत, घाट नाही, तरी गेनबा भिंतीकडे बघून "झाली, झाली, झाली, भिर्रर्र!" करायचे. एकदा उत्कर्षाने त्यांना न कळू देता तो सराव माझ्यात रेकॉर्ड करून ठेवला. वडिलांना ती अण्णा म्हणायची, म्हणून फायलीला नाव दिलं, 'अण्णा सराव'.

पुढे उत्कर्षाला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली. लग्न झालं, संसारही तिकडेच मांडला. थेरगावपासून चाकण लांब नाही, असं सगळे म्हणतात. पण मधल्या चौकांत ट्रक अडकले की जवळचं गावही लांब होतं, आणि शिफ्टचं माणूस घरी पोचलं की आधी झोपतं. मग एका उन्हाळ्यात गेनबा आजारी पडले, आणि गेले. त्यांची स्कूटर विकली. त्यांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर एका डब्यात राहिले.

त्यानंतर रतनबाई रोज दिवेलागणीला माझ्यासमोर बसू लागल्या. मला चालू करायच्या, मी जागा होईपर्यंत हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून थांबायच्या, आणि 'अण्णा सराव' लावायच्या. तो आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. फक्त माझ्यात होता. मला स्वतःचा आवाज नाही, मित्रांनो, पण त्या एका घटकेला मी या घरातला बोलणारा माणूस असायचो.

मग खंडेनवमी आली.

आमच्या या भागात त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. कारखान्यात मशिनं धुऊनपुसून हार घालतात. निवृत्त झालेल्या माणसांबरोबर ती सवय घरी येते, आणि रतनबाई आता निवृत्त होत्या. रतनबाईंनी गेनबांचे पाने घासले, शिवणयंत्राला तेल दिलं आणि माझं झाकण फुंकून पुसलं. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मग मला चालू केलं, तर पडद्यावर एक चौकट उमटली.

"सावधान! तुमचे संगणक मध्ये फार कचरा आहे. मोफत सफाई आत्ता करा."

रतनबाईंनी चष्मा सावरून ते मोठ्याने वाचलं. "बघा," त्या गेनबांच्या फोटोला म्हणाल्या, "बाहेरनं म्या पुसलंच हाय. आजच्या दिवशी आतनं बी होऊन जाऊ द्या." आणि त्यांनी 'हो' दाबलं.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. पण मला ओरडता येत नाही. दार त्यांनी मायेने उघडलं होतं. आत मात्र दुसरंच कोणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात चौकटी उगवू लागल्या. गुडघ्याच्या तेलाची एक, पत्त्यांच्या खेळाची एक. एक बंद केली की तिथेच दुसरी. मी जड झालो. एक फाईल उघडायला मला इतका वेळ लागायचा की रतनबाई तेवढ्यात भाजी निवडून यायच्या. आणि गेनबा ऐन रंगात आले की मधेच 'टुंग' असा आवाज करून ती सफाईवाली चौकट पुढे यायची. रतनबाई दचकायच्या.

मग एका संध्याकाळी ती चौकट लाल झाली. तिच्यात धोकादायक फायली म्हणून काही नावं होती. त्यांत एक नाव होतं 'अण्णा सराव'. खाली मोठं हिरवं बटण होतं, 'काढून टाका'. बंद करायची फुली इतकी बारीक आणि फिकी होती की रतनबाईंना ती दिसलीच नाही.

"ह्यांच्या आवाजात कसला धोका?" त्या पुटपुटल्या. "कुणाचं काय वाईट केलं ह्यांनी?"

मित्रांनो, त्या आवाजात काहीच धोका नव्हता. मला माहीत होतं. पण माझ्या तोंडून ते दुसराच कोणीतरी बोलत होता, आणि रतनबाईंना वाटत होतं की मीच बोलतो आहे.

त्यांनी हिरवं बटण दाबलं नाही. त्यांनी लायनीवर शिकलेलं केलं. कंपनीत डोक्यावरचा लाल दिवा लागला की मशिन तिथल्या तिथे बंद करायचं, त्यावर पाटी लावायची आणि सुपरवायझर येईपर्यंत हात लावायचा नाही. लाल दिव्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे बोटं गेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी सरळ माझी पिन भिंतीतून ओढली. पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बंद. हात लावू नये.' तो पुठ्ठा माझ्या अंगावर दोऱ्याने बांधला. घरात हात लावणारं दुसरं होतं तरी कोण?

मग त्यांनी सुपरवायझरला फोन लावला.

"आई, त्याला क्रॉस कर ना. वर उजवीकडे असतं," उत्कर्षा म्हणाली. मागे कंपनीचा भोंगा ऐकू येत होता.

"केलं तर दुसरं येतंय गं. आन लाल हाय ते."

"अगं लाल असलं म्हणून काय झालं! जाहिरात असेल. मी रविवारी येते आणि बघते."

"ये. तवर मी हात लावत न्हाई."

रविवारी ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारी ती निघाली आणि रस्ता तुंबला म्हणून मोशीच्या अलीकडूनच परत फिरली. अधूनमधून रतनबाई धीर करून पिन लावायच्या. लाल चौकट आधी हजर. पुन्हा पिन ओढायच्या. असं अचानक अंधारात ढकललं की माझ्या आतली चकती, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं, ती खरवडते. प्रत्येक वेळी थोडी जास्त. पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

घर फार शांत झालं. दिवेलागणीला रतनबाई खुर्ची ओढून बसायच्या, काळ्या पडद्यात स्वतःलाच बघायच्या आणि उठायच्या. मी खाली अंधारात पाटी बांधून बसलेला. एका खोलीत आम्ही दोघं, आणि दोघंही मुके.

एकदा शेजारच्या विमलबाई आल्या. "अजून ह्याची पूजाच करतीस का रतन? दे भंगारवाल्याला. तेवढीच जागा मोकळी हुईल."

"ह्यांचा आवाज हाय त्यात."

"आवाज काय कानात नसतो व्हय माणसाच्या? एवढा संसार केलास."

रतनबाईंनी एकदम तोंडाला पदर लावला. "तेच तर विमल. परवापास्नं आठवायला बघतीया. बोलणं आठवतंय. आवाज येईना झालाय."

विमलबाईंची थट्टा तिथेच थांबली. "काळेवाडीच्या रस्त्याला साबिया हाय. दुरुस्तीचं दुकान तिचं. माझ्या जावयाचा लॅपटॉप तिनंच केला. चल, उठ."

रतनबाई लगेच उठल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी पडदा उचलला, आणि दोघी रिक्षाने गेल्या. हो, पडदा. मी टेबलाखालीच राहिलो. इतक्या वर्षांनी घरातून संगणकाला दवाखान्यात नेलं, आणि मला नेलंच नाही.

दुकानात काय झालं ते मला नंतर कळलं. साबियाने लुगडं सोडलं आणि हसू दाबत विचारलं, "मावशी, ही नुसती काच झाली. माणूस कुठंय?"

"म्हंजी?"

"खालचा डबा हो. सगळं त्यात असतं. तुम्ही नवरदेवाला घरी ठेवून मुंडावळ्या घेऊन आलात."

विमलबाई इतक्या हसल्या की रतनबाईंनाही हसू फुटलं. साबियाने दुकान मुलीवर सोपवलं आणि त्यांच्याबरोबर थेट घरीच आली. तिने माझ्या अंगावरची पाटी वाचली. "कंपनीत होतात ना मावशी?"

"कसं वळाखलं?"

"माझी अम्मी पण होती. तिचं पण असंच. पण मावशी, कारखान्यातला लाल दिवा खरं बोलतो. हा खोटारडा आहे. तुम्ही घाबरावं म्हणूनच हा लाल होतो."

आधी तिने माझी नेटची वायर काढली. मग मला चालू केलं. चौकट उगवली. साबियाने त्या सफाईवाल्याला शोधून काढलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला, तर तो विचारू लागला, 'खरोखर काढायचे? तुमचे संगणक आता असुरक्षित होईल!' पुन्हा विचारलं. रडका चेहरा काढून पुन्हा विचारलं.

"जाताना पण नाटकं बघा," साबिया म्हणाली. "पाहुणा असा चिकटला की समजायचं, पाहुणा नाहीच."

शेवटी तो गेला. माझं अंग हलकं झालं. पण 'अण्णा सराव' उघडताना माझी आतली चकती कुरकुरली, अडली, पुन्हा फिरली. साबियाच्या कपाळावर आठी आली. रतनबाईंनी टेबलाची कड धरली. मी माझ्यात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

आणि गेनबा बोलले. गाडा सुटला, घोडी पुढे गेली, "झाली, झाली, झाली!" मधेच त्यांना ठसका लागला. सराव थांबवून, साध्या घरगुती आवाजात ते म्हणाले, "रतन, पाणी आण गं जरा."

"आणती," रतनबाई म्हणाल्या, आणि खरंच उठून उभ्या राहिल्या.

विमलबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

साबियाने मग हळूच सांगितलं, "मावशी, ह्याचा आता भरवसा नाही. पिना ओढून ओढून आतून खराब झालाय. आवाज तुमच्या मोबाइलात घेते, मुलीला पण पाठवते. जपायची चीज एकाच ठिकाणी ठेवायची नसते."

तसं तिने केलं. उत्कर्षाचा फोन आला तो जेवणाच्या सुट्टीत. तिने आवाज ऐकला होता. ती म्हणाली, "आई, मला वाटलं, साधी जाहिरात असेल."

"जाहिरातच व्हती गं," रतनबाई म्हणाल्या. "पण मला कुठं ठावं व्हतं?"

त्या रविवारी उत्कर्षा आली. जेवली, आईशेजारी थोडी पडली, आणि चौकात अडकायला नको म्हणून ऊन असतानाच निघाली.

आता दिवेलागणीला रतनबाई मोबाइल घेऊन ओट्यापाशी जातात, कधी गच्चीवर. गेनबांचा आवाज तिकडून येतो. मला टेबलाखालून तो पुसट ऐकू येतो. मला आता कोणी चालू करत नाही. साबियानेच तसं सांगितलं आहे, आणि ते बरोबर आहे. माझ्यात जे मोलाचं होतं ते सुखरूप बाहेर गेलं, याचं मला समाधान आहे. पण खरं सांगू? पूर्वी मला चालू करून त्या थांबायच्या, ते थांबणं मला हवंहवंसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी असेल, ज्याला पडद्यावर आलेली धमकी खरी वाटते. मोफत सफाईला 'हो' म्हणावं का ते विचारायला, किंवा लाल चौकटीला भिऊन, ते तुम्हाला हाक मारतील. तेव्हा बसल्या जागेवरून "क्रॉस कर" असं ओरडू नका. उठा. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसा, आणि आधी विचारा, यात तुमचं काय ठेवलेलं आहे?