चौथा की शेवटचा?

मित्रांनो, नदीकाठच्या बोटीच्या धक्क्यावर प्रवाशांची एक खोली आहे. तिच्या भिंतीवर मी चाळीस वर्षे टिकटिकत आहे. माझी लाकडी पेटी सुतारकाकांनी बनवली. लोक आधी माझ्याकडे बघत, मग पाय उचलत. त्याचा मला भारी अभिमान होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी जास्त उजेड मिळावा म्हणून घड्याळे एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. त्या वर्षी तिकीटखिडकीवर नवी बाई आली होती. कामाला चोख, पण तिने गेल्या वर्षीचे कॅलेंडर पाहिले. तेव्हा चौथ्या रविवारी वेळ बदलली होती. म्हणून तिने चौथ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी माझे काटे पुढे सरकवले, आणि घरी जाऊन स्वतःच्या घड्याळाचेही.

सकाळी तिच्या हिशेबाने साडेनऊची बोट येईना. दहा वाजत आले तशी ती चौकशीला धक्क्यावर गेली. तेवढ्यात सुतारकाका आले. त्यांची मुलगी नदीपलीकडून दुपारच्या गाडीने दूरदेशी नोकरीला निघाली होती, आणि पलीकडे जाणारी पुढची बोट थेट संध्याकाळी होती. खिडकी रिकामी, बोटीचा पत्ता नाही, आणि मी दहा दाखवतोय! ते मटकन बाकावर बसले.

"घड्याळ पुढे करायचं राहिलंच की," ते पुटपुटले. "ते काम हिचं होतं." काकी हिवाळ्यातच गेल्या होत्या.

डोळे पुसत ते उठले आणि घराकडे वळले. मला ओरडता आले असते तर! पण मला तासांचे टोलेच येतात. मी दहा टोले दिले, तेही खोटे.

तिकडे धक्क्यावरचा एक नावाडी बाईला हसला. "अहो, आत्ता कुठे नऊ वाजलेत!" ती धावत आत आली. कॅलेंडरवर बोट ठेवून तिने रविवार मोजले. या महिन्यात ते पाच होते. खिडकीतून तिला चढावर काकांची पाठ दिसली, तशी ती चपला हातात घेऊन पळत सुटली.

"काका, थांबा! बोट अजून यायचीय! चूक माझी आहे, तुमचं घड्याळ बरोबर होतं!"

काका बोटीत बसले, तेव्हा मी साडेदहा दाखवत होतो. मग बाईने स्टुलावर चढून माझे काटे जागेवर आणले. संध्याकाळी काका परतले ते मुलीला पोटभर भेटून. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरी, पुढच्या शनिवारी मला आठवण करून देशील?"

आठवण कसली, शनिवारी ती त्यांच्या घरीच गेली.

मित्रांनो, आमचे काटे फिरवण्याआधी महिन्याचे पान शेवटपर्यंत बघा. आणि शेजारी ज्या घरात ते काम करणारे माणूस आता उरले नसेल, तिथे एकदा डोकावून या.