बोल्टवरचा कापूस

दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच आजाराने परत आली की माझं डोकं फिरतं. धामणगाव बढ्यात सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. कादर मिस्त्रीच्या हातची गाडी परत येत नाही असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला आवडतं. कडूबाची व्हॅन मात्र तिसऱ्यांदा दारात उभी होती आणि तिच्याखाली पुन्हा लाल तेल साचत होतं.

अशी व्हॅन आमच्या भागात एकच. शहरातल्या कुठल्याशा हॉटेलची जुनी, बिनक्लचची. गिअर आपोआप पडतात, आणि त्या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. कडूबाने ती हौसेने घेतली नव्हती. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणीची कटकट सुटली असं सगळ्यांना वाटलं. काही वर्षं बरी गेली, मग बोंडअळी परतली आणि फवारे दुप्पट झाले. मागच्या भादव्यात कडूबा फवारता फवारता कपाशीतच आडवा झाला. सोळा दिवसांनी दवाखान्यातून घरी आला तेव्हा डावा पाय साथ देईना. क्लच दाबायला पाय नाही, म्हणून बैलजोडी विकून ही गाडी आणली. वेचणीच्या दिवसांत बारा बाया सकाळी शेतावर पोचवायच्या, संध्याकाळी घरी आणायच्या. त्याची बायको पुष्पाबाई त्यांच्यासोबतच वेचायला जायची, बरोबर त्याच्या मागच्या सीटवर बसून. स्टेअरिंगवर बसला की कडूबा पहिल्यासारखा थट्टा करायचा. खाली उतरला की गप्प.

पहिल्या वेळी मी गिअरबॉक्सच्या तळाचं पॅकिंग बदललं होतं, दुसऱ्या वेळी पाइपांचे वायसर. दोन्ही वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी. आता अंदाज बस्स झाले, असं ठरवून सगळी खालची बाजू डिझेलने धुतली, फडक्याने कोरडी केली आणि कडूबासोबत आलेल्या पुष्पाबाईला म्हटलं, "वहिनी, गाडीत घरचा कापूस असंन तं मूठभर द्या."

हा माझ्या अब्बांचा नुस्खा. गळती सापडत नसेल तर प्रत्येक जोडावर कापसाचा पुंजका लावायचा. तोही सरकीसकट, कारण सरकीची गाठ फटीत अडकून बसते, खड्ड्यांतही निघत नाही. जो पुंजका रंगेल तिथे गळती. अकरा जागी अकरा पुंजके लावले. पुष्पाबाई वाकून एकेक देत होती आणि कोणता कशासाठी ते विचारत होती. मीही मोठ्या ऐटीत समजावून सांगत होतो.

कडूबाने मोताळ्यापर्यंत चक्कर मारली. परत आल्यावर पाहिलं, तर अकराही पांढरे.

"घरी न्या," मी म्हटलं. "रोज जिथी उभी करता तिथीच करा. सकाळी कशालेच हात न लावता आना."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गाडी आली ती गळतच. मी खाली शिरलो. दहा पुंजके कोरडे. तेल काढायच्या बोल्टवरचा लालभडक. बोल्टला पाना लावला तर तो चांगला एक आटा ढिला. आदल्या दिवशी मी स्वतः आवळलेला बोल्ट. पुंजका काढून बोटांनी चाचपला. आत सरकीच नव्हती. मऊ, पिंजलेला, देवापुढच्या वातींचा कापूस होता तो.

"सापडली का, कादरभाई?" बाहेरून कडूबाने विचारलं.

"पाहून राह्यलो. तुम्ही चहा सांगा तवरिक."

त्याच्या काठीचा आवाज लांब गेला. पुष्पाबाईचे पाय गाडीजवळच होते. मी खालूनच म्हटलं, "वहिनी, बोल्ट कोनं ढिला केला?"

ती खाली बसली.

"मीनं. फवाऱ्याच्या पंपाचा पाना हाय घरी, त्यानं. तुमचा कापूस तेलात पडला, अंधारात हाताला देवापाशचा लागला, तोच लावला."

"काऊन पन?"

"त्याहिले अंधारी येते, भाऊ. डोये उघडे रायतात, पन मानूस तिथं नसते. घाटात दोनदा मांगून स्टेअरिंग म्या धरलं. त्याहिले काहीच आठवत नाही. बकरी आडवी आली म्हनून सांगतलं."

"मंग खरं सांगा ना त्याहिले."

"सांगतलं तं घरी बसतीन. मांगच्या साली बसले व्हते, तवा फवाऱ्याच्या औषधाचा डबा मी रोज नव्या जागी लपवे. गाडीच मेली, तं गाडीच्या नावानं रडतीन. सोताच्या नावानं नाही."

दोनदा मी या बाईसमोर कंपनीला, रस्त्याला, तेलाला शिव्या घातल्या होत्या. मी बोल्ट आवळला, सवयीने अकराही पुंजके गोळा करून बाहेर आलो आणि कागदावर मांडून ठेवले. तो लाल पुंजका तिथेच फेकून द्यायला हवा होता. एवढी अक्कल मला सुचली नाही.

कडूबा आला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "गिअरबॉक्स आतून गेला. माह्याच हातून बिघडला असंन. आता होत नाही काही."

"खामगावले दाखवू?"

"तिथंही होनार नाही."

तो कागदाजवळ बसला आणि लाल पुंजका उचलला. जन्मभर कापूस हाताळलेला माणूस, त्याची बोटं आपसूक सरकी शोधू लागली. सापडली नाही. दुसरा पुंजका उचलून चाचपला, त्यात होती. पुन्हा लाल हातात घेतला.

"वातीचा हाय हा," तो म्हणाला.

मी आणखी एक खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्याने हाताने मला थांबवलं. तो पुष्पाबाईकडे बघत होता.

"बकरी नव्हती ना?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"कितीदा झालं?"

"दोनदा."

"बाया व्हत्या मांगं?"

"सगळ्या व्हत्या."

त्याने खिशातून चावी काढली आणि कागदावर, कापसाशेजारी ठेवली. मग मला विचारलं, "आमच्या गावची एसटी किती वाजता हाय?"

"साडेदहाले."

दोघं माझ्या बाकड्यावर बसून राहिले. एसटी आली तेव्हा पुष्पाबाईने त्याच्या दंडाला धरलं. एरवी तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आज त्याने तिच्यावर सगळा भार टाकला. मला रडू आवरेना, म्हणून मी पाने पुसत बसलो.

व्हॅन अजून माझ्या आवारात उभी आहे. एक थेंबही गळत नाही.