तांब्यातलं फुलांचं पाणी

मित्रांनो, पत्र्याच्या डब्यात वाढलेली एक जुनी कण्हेर आहे मी. छप्पन साली अंबूबाईने चऱ्होलीच्या बांधावरून माझी फांदी आणली. तिचा नवरा चिमाजी पिंपरीच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, मूलबाळ नाही. घरात मी आणि चांद्या नावाचा कुत्रा.

दुसऱ्या वर्षी मी गुलाबी फुलांनी भरून गेले. आल्यागेल्याने कौतुक केलं की मी फुशारायचे, खोटं कशाला बोलू? चांद्या माझ्या डब्याला पाठ टेकून झोपायचा. एकदा त्याने माझं पान चावलं आणि लगेच टाकून दिलं. अंबूबाई हसली. "कडू हाय ती. जनावर तोंड लावत न्हाई तिला."

चिमाजीची पहिली शिफ्ट असली की सकाळी पूजेची घाई. म्हणून अंबूबाई दिवेलागणीआधीच माझी फुलं तोडून तांब्यातल्या पाण्यात ठेवी. सकाळी फुलं देवाला, आणि पाणी माझ्या बुडाशी. देवाच्या फुलांचं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा तिच्या सासूबाईंचा दंडक होता.

एका चैत्रात नळ दोन दिवस कोरडा राहिला. चांद्याचा मातीचा परळही रिकामा. अंबूबाई तांब्या घेऊन माझ्यापाशी आली आणि थांबली. "तू ऱ्हा आज तशीच. मुका जीव तहानलाय." तिने ते पाणी परळात ओतलं. चांद्याने सगळं पिऊन टाकलं.

दुपारी तो ओकू लागला. तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. शेजारचे आबाजी धावत आले.

"काय खाल्लं यानं?"

"काय न्हाई. निस्तं फुलांचं पानी प्याला."

"कण्हेरीचं? अगं, तिचं पानबी ईख अन् फूलबी ईख!"

जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला टांगा आला, तेव्हा अंबूबाईच्या मांडीवर चांद्या गार पडला होता.

मी तर काय करणार? मला वाचा नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्यावर सात फुलं उमलली. ती कुणी तोडली नाहीत.

अंबूबाईने मला फेकलं नाही, बोलही लावला नाही. डबा फक्त मागच्या उंच भिंतीवर नेऊन ठेवला. परळ मात्र ती रोज घासते आणि त्यात स्वच्छ पाणी भरते. प्यायला कुणी नसतं.

मित्रांनो, फुलझाड घरात आणताना दारच्या कुत्र्याला ते चालेल का, हे जाणत्या माणसाला आधी विचारा. पान कडू आहे म्हणून जनावर वाचेल, यावर विसंबू नका.

परवा शेजारची कुशाबाई पूजेला फुलं मागायला आली. अंबूबाईने पाच तोडून दिली. कुशाबाई दारापर्यंत गेली, तशी तिने मागून हाक मारली.

"कुशाबाई, तांब्यातलं पानी मोरीत वत. देव रागावला तर माझं नाव सांग."