तीनशे बारा विहिरी

या, असे जवळ सरकून बसा. हातपाय सैल सोडा, लक्ष मात्र इकडे असू द्या. देवाच्या कृपेने शेवट गोड झालेली गोष्ट आहे, तेव्हा मधे जीव टांगणीला लागला तरी उठून जाऊ नका.

एका विद्यापीठात भूगोल विभागातली एक मुलगी पीएचडी करत होती. सगळे तिला विहीरवाली म्हणत. डोंगरातल्या वस्त्यांमधल्या तीनशे बारा विहिरी तिने पायी गाठल्या आणि प्रत्येकीच्या कठड्यावर यंत्र ठेवून जागेचे आकडे टिपले. सोबत आई. लेक यंत्राशी आणि आई तिच्यावर छत्री धरून, अशी दोन वर्षं गेली. आईचे गुडघे त्यातच गेले, पण ते तिने लेकीला काम संपल्यावरच सांगितलं.

दुसऱ्या एका विद्यापीठाकडे त्याच विहिरींच्या पाण्याचे तपासणी अहवाल होते. दोघांची माहिती एकत्र आली की कुठलं पाणी पिण्याजोगं, ते एका नकाशावर दिसणार होतं. विहीरवालीने आपली माहिती पाठवली आणि आठव्या दिवशी सकाळी तिकडच्या समितीचं पत्र आलं. तिच्या विहिरी नकाशावर चुकीच्या जागी आहेत. एक शाळेच्या छपरावर, दोन तळ्यात, एक भर रस्त्यात. आज चारच्या बैठकीत त्या वगळण्यात येतील.

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, विहिरी गेल्या तर तुझ्या प्रबंधात प्रस्तावना आणि आभार एवढंच उरेल. थट्टा होती, पण दोघांनाही हसू आलं नाही.

तिने आईला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छत्रीची एक काडी मोडली आहे, तेवढी बसवून आणते. पुन्हा मोजू." तेव्हा मात्र पोरीला रडू आवरेना.

दुपारी अडीचला अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडच्या विद्यापीठात नकाशांची माहिती सांभाळणाऱ्या बाई बोलत होत्या. आवाज वयस्कर, घाई नाही.

"अगं बाळ, तुझ्या विहिरी चुकल्यात खऱ्या, पण सगळ्या एकाच दिशेला, सारख्याच अंतराने. कामचुकार माणसाच्या चुका चहूकडे सांडतात. तुझ्या तर रांगेत निघाल्यात. मला तीनच फाइली मिळाल्या. चौथी कुठे आहे?"

आता हे समजून घ्या. असा नकाशा म्हणजे एकाच नावाच्या चार फाइलींचं कुटुंब असतं. त्यातली सगळ्यात धाकटी जेमतेम दोन ओळींची, पण आकडे कुठल्या मोजणीपद्धतीचे ते तीच सांगते. ती नसली की संगणक आपल्या मनाने अंदाज बांधतो. विहीरवालीने फाइली पाठवताना ती एवढीशी म्हणून कचरा समजून गाळली होती.

"बाई, ती मीच काढून टाकली," ती कशीबशी म्हणाली.

"मग आता पाठव. मी फोन धरून आहे."

तिने पाठवली. पलीकडे कळफलकाची टकटक झाली. विहीरवालीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"शाळेच्या छपरावरची उतरली बघ," बाई म्हणाल्या. "तळ्यातल्या दोघीही काठाला आल्या."

चारच्या बैठकीत तीनशे बाराही विहिरी मान्य झाल्या. सरांनी स्वतः चहा केला आणि साखर घालायला विसरले. ती दोन कप प्यायली. आईला कळवलं तर आई म्हणाली, बरं झालं गं बाई, आता जरा आडवी होते.

एक मागणं आहे. विहीरवालीने त्या बाईंना अजून पाहिलेलं नाही, नावही विचारायचं राहून गेलं. रात्री हात जोडाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. फुली मारणं सोपं होतं, त्यांनी आधी फोन लावला.