व्हॉटेव्हर लिहायचं नसतं

इंग्रजी मालिकांमधली माणसं एकमेकांना किती परींनी उडवून लावतात, हे या गोष्टीतल्या बापाइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. पोटापाण्याचा उद्योगच तो. मालिका बघायची आणि पडद्याच्या तळाशी मराठी ओळी लिहायच्या. ‘ॲज इफ’ आलं की ‘डोंबल!’, ‘येह, राइट’ आलं की ‘सांगतोय मोठा!’, आणि कुणी ‘गेट लॉस्ट’ म्हणालं की ‘चल, फूट!’ त्याची लेक खांद्यावरून वाचून खिदळायची.

“डोंबल? बाबा, असं आता कोण बोलतं?”

“मी बोलतो की!”

पण बेफिकीर ‘व्हॉटेव्हर’ आणि कंटाळलेलं ‘मेह’ मात्र तो कधीच लिहीत नसे. जागा दोन ओळींची, वाचणाऱ्याला वेळ जेमतेम, आणि मुरडलेलं नाक चेहऱ्यावर दिसतंच आहे; मग लिहायचं कशाला? गाळायचं आणि पुढे जायचं. ही त्या कामातली साधी शिस्त. पंचाईत एवढीच झाली, की ती शिस्त टेबलावरून उठून घरभर फिरायला लागली.

बायको गेल्यावर घरात बापलेक दोघंच उरले. मुलगी मोठी झाली तसे तिच्याही तोंडी तेच शब्द आले. भाजी कशी झालीय? “मेह.” तुझ्या आईचे कपडे देऊन टाकू या का, कपाट भरलंय नुसतं? “व्हॉटेव्हर.”

दुसरा बाप तडकला असता, ‘नीट बोल’ म्हणून ओरडला असता, निदान खुर्ची तरी वळवली असती. हा हेडफोन जरासा सरकवायचा, ऐकायचा आणि गाळून टाकायचा. वर आपण फार समजूतदार बाप आहोत, ही त्याची गोड समजूत! पोरगी दारात जरा घुटमळायची आणि आपल्या खोलीत निघून जायची. कपड्यांच्या वेळी तर ती बराच वेळ दारात उभी होती. त्याने पाठमोऱ्यानेच काम संपवलं आणि दुसऱ्या दिवशी कपडे देऊन टाकले.

त्यानंतर एकदा तिने विचारलं होतं, “मी बोलते ते तुला ऐकू येतं ना?”

“येतं की.”

“मग?”

त्या ‘मग’चं काय करायचं ते त्याला कळलं नाही. तेही त्याने गाळलं.

तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बॅगा भरताना ती फारसं बोलली नाही. जाण्याआधी तिने एकदा तरी आपल्याशी धड बोलावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या एका आशेवर तो बॅगा घेऊन जिना उतरला. टॅक्सीत सामान चढलं, ती आत बसली आणि तिने काच खाली केली.

“बाबा, मी गेल्यावर तुला करमेल का रे?”

‘नाही करमणार’, एवढंच तर त्याला म्हणायचं होतं. पण भर रस्त्यात, त्या ड्रायव्हरसमोर आपल्याला रडू कोसळेल अशी त्याला धास्ती वाटली. म्हणून त्याने लेकीचीच भाषा उचलली. खांदे उडवले, ओठ वाकडा केला आणि म्हणाला, “व्हॉटेव्हर!”

आता ती हसेल, असं त्याला वाटलं होतं.

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. नुसतं “येते” म्हणाली आणि तिने काच वर केली.

तो वर आला तर घर खायला उठलं. तिच्या खोलीत रिकामे हँगर लटकत होते. टेबलाशी बसून त्याने हेडफोन घातले आणि लगेच काढून ठेवले. मग फोन घेऊन लिहिलं, ‘नाही करमणार. अजिबात नाही. मघाशी उगाच बोललो.’

निरोप पोचला. तिने वाचल्याची खूणही आली. तो खुर्ची दाराकडे वळवून वाट बघत बसला.

उत्तर आलं नाही. ही सवय तिने कुणाची उचलली, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.