फाटकावरची झडती

नायगावच्या त्या मिठागरावर संध्याकाळी काम सुटलं की पुरुष सरळ बाहेर पडायचे. बायांनी मात्र फाटकाशी रांग लावायची, मीठ लपवलं नाही हे दाखवायला पदर सोडून झटकायचा, मग वाट मोकळी. मिठावर गोऱ्या साहेबाचा हक्क होता तेव्हाची ही झडती. साहेब जाऊन पन्नास वर्षं झाली. त्यानं ज्या शेटच्या घराण्याला आगर भाडेपट्ट्यानं दिलं, त्याच घराण्याकडे आपल्या सरकारनं ते राहू दिलं. मीठ ओढून ज्यांच्या टाचा फाटल्या, त्यांना काय मिळालं? आगराच्या बांधावरची झोपडी, तीही शेटची मर्जी असेस्तोवर. आणि झडती!

विधवा जयवंतीच्या हाताला ही सवय इतकी जडली होती, की भाच्याच्या लग्नात मांडवाच्या दारातही तिनं पदर झटकला. वऱ्हाड हसलं. तीही हसली.

१९९८च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा दिलेली तिची लेक उन्नती मिठाच्या पाट्या वाहायला आली. पहिल्याच संध्याकाळी मुकादम हिराजीनं तिला अडवलं. हिराजी जयवंतीचा चुलतभाऊ. त्याचा बापही याच फाटकावर मुकादम होता.

"ओढनी काढ. झटक."

"कशाला, मामा? आय तर घरात दुकानातली मिठाची पिशवी आनते!"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हिराजी तापला.

"शाला शिकून जीभ लांब झाली काय? रीत हाय ती!" म्हणत त्यानं ओढणीला हात घातला.

जयवंतीनं तो हात धरला. "दादा, सोड."

"येडी झालीस? शेटला कललं तर झोपरी जाईल."

"जाऊं दे. तुज्या बापासमोर झटकला, तुज्यासमोर झटकला. माजी पोर नाय झटकनार. आनि आजपासून मी पन नाय."

रांगेत तिची सख्खी नणंद होती. तिनं मान खाली घातली, पदर झटकला आणि निघून गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकींना कामावर घेतलं नाही. संध्याकाळी शेटची माणसं आली आणि झोपडीचे पत्रे काढून घेऊन गेली. म्हणे, पावसाआधी मिठाची रास झाकायला पत्रे लागतातच.

बोचकी डोक्यावर घेऊन दोघी फाटकाशी आल्या. हिराजीनं तोंड फिरवलं. जयवंतीचा हात आपसूक पदराकडे गेला. तिनं पदर घट्ट मुठीत धरला, कमरेला खोचला आणि ती बाहेर पडली.

मागं काम सुटलं होतं. पदर झटकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पत्रे शेटनं नेले, हे खरं. पण ते नेताना त्या झोपडीपुढं एक तरी माणूस उभं राहिलं का?